फुटाला इंच

११ जानेवारी
आजपासून लिहायचं. संस्थेतल्या ज्या बाई आमचं प्रकरण बघतात त्यांनीच सांगितलंय. त्यांच्या काखेत कायम जाडजूड फाईल असते, म्हणून आम्ही घरात त्यांना फाईलबाई म्हणतो. "वाट बघायचे दिवस लांबतात. मनात येईल ते लिहीत जा, कुणाला दाखवू नका. फक्त कुणाचं नाव लिहू नका, उगाच वही कुणाच्या हाती पडायची." बायको म्हणाली, "मला नको बाई, मी बोलून मोकळी होते. तू लिही. तुझं तोंड उघडायला पक्कड लागते."

मी दात करतो. डॉक्टर नाही. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, त्यावरून मी कवळ्या आणि टोप्या घडवतो. सतरा वर्षांत ज्यांचे दात केले त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही. ही शहराची बस चालवते. हिला दिवसाला हजार तोंडं दिसतात.

बातमी अशी की आमचं नाव दत्तकाच्या यादीत लागलं. घर बघून झालं, शेजाऱ्यांना विचारून झालं. "बाळ केव्हा?" म्हटलं तर फाईलबाई म्हणाल्या, "वर्ष, दोन वर्षं. नक्की नाही सांगता येत." लग्नाला चौदा वर्षं झाली. दोनदा आशा लागली, दोनदा गेली. आता दोन वर्षं म्हणजे काय मोठंसं. पण माझे हात स्वस्थ बसत नाहीत. म्हणून ठरवलंय, आमच्या घराची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची. बाळ मोठं झालं की म्हणेल, मी यायच्या आधी बाबांनी हे केलं. माप फुटाला एक इंच.

१९ जानेवारी
घर मोजलं. टेपचं दुसरं टोक हिने धरलं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, आणि टोकाची छोटी खोली, जी बाळाची. छोटीत नीट मोजता आलं नाही, सामान फार. माझं बाक, वडिलांचं कपाट, बंद पंखे, खोकी. अंदाजाने नऊ बाय आठ धरलं.

ही म्हणाली, "आधी सामान काढू, मग मोज."

"अगं, दोन वर्षं आहेत. तोवर हे काम मी बसून करू कुठे?"

हिने टेपचं टोक सोडून दिलं. सपकन येऊन बोटाला लागलं.

५ मार्च
तीन भिंती उभ्या राहिल्या. ठशात ओततो तेच प्लास्टर, पण पातळ थरांत. घाईने ओतलं की तडा जातो. आज कप केले. दाढेची टोपी उलटी धरली की झाला चहाचा कप. कानाला तारेचा वेढा. सहा केले.

संध्याकाळी ताई आली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, बोलायला लागली की उघडी तोटी. "चाळिशी उलटल्यावर भातुकली मांडलीस होय रे?" मग छोट्या खोलीत डोकावून, "आणि बाळ कुठे निजणार? कपाटावर?"

म्हटलं, "ताई, सगळं होईल वेळेवर."

"तुझं वेळेवर मी लहानपणापासून बघतेय," म्हणाली.

२७ मे
दाराबाहेरच्या जिन्याचे कठडे. अठरा गज, एकेक तासून. चौदाव्याला बोट कापलं.

काम चालू असताना ही कसला तरी कागद घेऊन आली. संस्थेचा होता. वाचून दाखवत होती, मी ऐकत होतो, पण तेव्हा कठडा बसवायचं मेण गरम होतं आणि गरम मेण थांबत नाही. सही केली. कागदाच्या कोपऱ्याला मेणाचा ठिपका लागला. ही म्हणाली, "नक्की ना?" मी म्हटलं, "हं."

१४ ऑगस्ट
टोकाची खोली आज पुरी झाली. माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं काम. खिडकी उघडते-मिटते, बिजागरी केसाएवढ्या तारेची. जमिनीवर चटई घातली ती हिरड्यांच्या गुलाबी रंगाची, दुसरा रंग बाकावर नव्हता. आणि पाळणा. कवळी दाताला अडकवायची जी तार असते तिचा. बोट लावलं की आठ झोके घेऊन थांबतो.

खरी खोली आठ वर्षांपूर्वी एकदा रिकामी केली होती. पिवळा रंग दिला होता. मग सामान परत आत ठेवलं. असो. उद्या पडदे.

१५ ऑक्टोबर
ही ड्यूटीवरून आली, गणवेशातच प्रतिकृतीपुढे उभी राहिली. पाळण्याला बोट लावलं. आठ झोके होईस्तोवर बघत होती.

"किती सुंदर केलंयस रे. खऱ्यात कधी?"

"खऱ्यात म्हणजे?"

ही शर्ट धुवायला गेली. हल्ली असंच. बाळाचा विषय ही काढत नाही. हिचा उत्साह मावळला असावा असं वाटतं. माणूस दमतं, मी दोष देत नाही. पण मग निदान एकाने तरी धीर धरायला हवा. म्हणून मी काम थांबवत नाही.

३ डिसेंबर
मालकांना प्रतिकृती दाखवली. खोक्यात घालून कामावर नेली होती. मालक सत्तरीचे, आमची कार्यशाळा त्यांनी एका खोलीत सुरू केलेली. भिंग लावून अर्धा तास बघत होते. कपांपाशी हसले.

मग म्हणाले, "सगळं घर आलं. तू कुठे आहेस?"

"माणसं शेवटी करायची आहेत."

"तसं नाही. तुझं बाक कुठंय? हे सगळं तू कुठे बसून केलंस?"

मी छोट्या खोलीकडे बोट दाखवलं.

"इथे तर पाळणा आहे," म्हणाले.

त्यांना समजावलं की ती नंतरची स्थिती आहे. "अच्छा, नंतरची," म्हणाले आणि भिंग पुसायला लागले. वय झालंय, पटकन ध्यानात येत नाही त्यांच्या.

९ फेब्रुवारी
दुपारी फाईलबाईंचा फोन आला. मूल आहे. मी बाकावरून उठलो, स्टूल पडलं.

"मुलगी आहे. साडेसहा वर्षांची."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय, आम्ही दोन वर्षांच्या आतलं लिहिलं होतं. कागद चाळल्याचा आवाज आला. "मे महिन्यात तुम्ही दोघांनी वय वाढवून घेतलंय. आठपर्यंत. तुमची सही आहे." थोडं थांबून, "इथे कसला तरी डाग पडलाय."

पंधरा दिवसांत कळवायचं आहे. मुलगी याआधी एका घरात चार महिने राहून आली. त्या बाईंना दिवस गेले, मग त्यांनी तिला परत आणून सोडलं.

ही आल्या आल्या मी विचारलं. आवाज चढला, नाही म्हणत नाही. "मला अंधारात ठेवून?"

"अंधारात? मी तुझ्यासमोर उभी राहून वाचला तो. तीनदा विचारलं. तीनदा हं म्हणालास."

"माझ्या हातात मेण होतं!"

"तुझ्या हातात कायमच काहीतरी असतं," ही म्हणाली.

१० फेब्रुवारी
अबोला.

साडेसहा वर्षांची म्हणजे जवळजवळ तयार माणूस. तिला भाषा येते, आठवणी आहेत. आपण तिला काय देणार? तिचं पहिलं पाऊल आपण पाहिलेलं नाही. आणि पाळणा?

१३ फेब्रुवारी
रजा टाकली आणि हिच्या बसमध्ये जाऊन बसलो. अगदी पुढच्या आसनावर. हिने आरशात पाहिलं, ओळख दाखवली नाही. चालकाशी बोलू नये अशी पाटी डोक्यावरच आहे, तेव्हा शेवटच्या थांब्यापर्यंत सत्तावीस थांबे मान खाली घालून बसलो. बस रिकामी झाल्यावर इंजीन बंद करून ही आसनातच वळली.

"दहा मिनिटं आहेत. बोल."

मी म्हटलं, "तुला बाळ नकोच होतं का?"

"हवं होतं. अजूनही कुणाचं रडणं ऐकलं की पाय ब्रेकवर जातो." डब्यातली सफरचंदाची फोड माझ्या हातावर ठेवली. "पण फाईलबाई म्हणाल्या, बाळांना रांग आहे, मोठ्या मुलांना कुणी विचारत नाही. मी रोज बघते ना, थांब्यावर उभ्या असतात शाळेतल्या मुली. बस थांबेल की नाही म्हणून अर्धा हात वर करतात. पूर्ण करत नाहीत. मला वाटलं, आपण थांबावं."



"आणि खरं सांगू? रोज घरी येताना वाटतं, आज खोली रिकामी केली असेल. दार उघडते, तर तू आत. भिंग लावून. मग मी शर्ट धुते."

"मी तिच्यासाठीच, म्हणजे बाळासाठीच बसतो ना तिथे."

"हो रे. माहीत आहे." ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रिकामी करून परत भरायची वेळ आली तर, ही भीती मलाही आहे. मी पण उचलली होती ती खोकी."

घड्याळ बघून हिने इंजीन चालू केलं. माणसं चढायला लागली. उतरताना एवढंच म्हटलं, "भेटायला जाऊ. बाकी मी काही कबूल केलेलं नाही."

"तिकीट काढलंस का?" ही म्हणाली.

२१ फेब्रुवारी
भेट झाली. लगेच लिहून काढतो.

संस्थेतली एक उन्हाची खोली. मुलगी खुर्चीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. केस आखूड, एक मोजा निळा, एक पांढरा. आम्ही काय बोलावं याची घरी तयारी केली होती, ती सगळी विसरलो. मी खोक्यातून प्रतिकृती काढून टेबलावर ठेवली.

तिने बराच वेळ लांबूनच बघितलं. मग, "हात लावू?"

"लाव ना."

एकाच बोटाने लावत होती. खुर्ची, पलंग, कठडा. कप उचलून पिण्याचा आवाज केला.

"तो दात आहे," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"कुणाचाच नाही. जास्तीचा झालेला."

कप होता तिथेच नेमका ठेवला. मग टोकाच्या खोलीत गेली आणि पाळण्याला बोट लावलं.

"बाळ कुठंय?"

"बाळ नाही आमच्याकडे."

"येणार आहे?"

 ही पुढे सरकून म्हणाली, "नाही. आम्हाला वाटलं होतं बाळ येईल, म्हणून यांनी पाळणा केला. मग तुझ्याबद्दल कळलं."

ती पाळणा थांबायची वाट बघत होती. थांबल्यावर म्हणाली, "बाळ आलं तर मी कुठे झोपणार?"

हिने माझ्याकडे पाहिलं. 

मी म्हटलं, "इथेच. ही खोली तुझी. बाळ येवो नाहीतर राजा येवो."

"आत्ता तिथे काय आहे?"

मला खोटं सुचलंच नाही. "सामान आहे."

"कुणाचं?"

"माझं."

तिने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "मग तुम्ही कुठे जाणार?"

तिच्या हिशेबी एक आला की एकाला जावं लागतं. मी म्हटलं, "मी बाहेरच्या खोलीत बसेन. खिडकीपाशी. तिथे उजेडही बरा आहे." तिने मान डोलावली, आमचा व्यवहार ठरल्यासारखी.

निघताना फाईलबाई म्हणाल्या, घर इथेच राहू दे तिच्यापाशी. सोडवत नव्हतं. सोडलं.

२२ फेब्रुवारी
सकाळपासून खोली काढली. ताईला बोलावून घेतलं. पंखे गेले, खोकी गेली, बाक बाहेरच्या खिडकीपाशी आलं. वडिलांचं कपाट हलवायला दोन शेजारी लागले. कपाटामागे भिंत अजून पिवळी होती. तेवढ्या भागाला आठ वर्षं ऊन लागलेलं नाही. मी तिथेच थोडा वेळ बसलो. ताई एरवी गप्प बसत नाही, पण तीही शेजारी येऊन बसली आणि पाठीवर हात ठेवून काहीच बोलली नाही. दमली असणार.

टेप काढून नीट मोजली. नऊ फूट तीन इंच बाय आठ. म्हणजे प्रतिकृतीत खोली पाव इंच लहान आहे. वर्षभर चुकीच्या मापावर काम केलं.

ही आली. चपला न काढता खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि "ओ" म्हणाली. आवाज घुमला. परत म्हणाली.

मी म्हटलं, "उद्या फोन करतो त्यांना. हो म्हणून."

ही तिसऱ्यांदा "ओ" म्हणाली, पण या वेळी आवाज नीट निघाला नाही.

१८ मार्च
चौथी भेट. तिने प्रतिकृतीच्या भिंती खडूने जांभळ्या केल्यात. प्लास्टरवर खडू पक्का बसतो, निघणार नाही. खिडकीची बिजागरी तुटली. मी म्हटलं, "काही हरकत नाही." ही नंतर म्हणाली, "तुझा चेहरा कवळी गिळल्यासारखा झाला होता."

६ एप्रिल
आणलं तिला. एक पिशवी, एक बाहुली, एक स्वेटर.

निघायच्या वेळी मी विचारलं, "घर कुठंय?" तिथल्या सांभाळणाऱ्या मावशींनी पदर तोंडाला लावला. "ते तिनं लहान वर्गातल्या पोरांना देऊन टाकलं. म्हणाली, दोन-दोन घरं कशाला?"

तेरा महिने. अठरा गज एकेक तासलेले. मी आठवण म्हणून केलेली वस्तू, तिने एक दिवसही घरी आणली नाही. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मुलगी दोघांच्या मध्ये ताठ बसली होती. आणि ही तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून हसत होती, हसू आवरत नव्हतं हिला. यात हसण्यासारखं काय ते मला अजून कळलेलं नाही.

१२ एप्रिल
पोरगी फार गुणी आहे. "पाणी पिऊ का?" "दिवा लावू का?" "इथे बसलं तर चालेल का?" मला तुम्ही, हिला तुम्ही. अंथरुणाची घडी कडेला कड लावून. पिशवी पलंगाच्या पायाशी भरलेलीच ठेवते, हव्या त्या वेळी हवं ते काढते आणि परत आत ठेवते. वळण आहे. ताईसुद्धा खूश, "नाहीतर हल्लीची पोरं."

ही मात्र काळजीत. रोज विचारते, "आज काही मागितलं का तिने? हट्ट केला?" म्हटलं, नाही, अगदी शहाण्यासारखी वागते. तर आणखीच काळजीत पडली. हिला कशानेच समाधान नाही.

१७ एप्रिल
आज फारच वाईट झालं. डोकं शांत करायला लिहितोय.

दोन दिवसांपूर्वी तिने पिशवीतल्या वस्तू काढून फळीवर मांडल्या होत्या. दगड, बाहुली, रंगीत कागद, बसची जुनी तिकिटं, सगळी सरमिसळ. आज ती अंघोळीला गेली होती, तर मी म्हटलं, जरा मदत करावी. उंचीप्रमाणे नीट लावून दिलं. एक ओळ दगडांची, लहान ते मोठा.

ती आली, फळीकडे बघितलं, आणि अशी ओरडली की माझ्या हातातून बाहुली पडली.

"कुणी सांगितलं तुला?"

"अगं, मी फक्त..."

"माझी खोली आहे! माझे आहेत! तू जा! तू जा इथून, तुझ्या खिडकीत जाऊन बस!"

मला दोन्ही हातांनी ढकलत बाहेर काढलं आणि दार आपटलं. चौकटीवरचं प्लास्टर पडलं. वरच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यातून विचारून गेले, सगळं ठीक ना.

मी बोळात उभा. अकरा दिवस इतकी सुरेख चाललेली गाडी माझ्यामुळे घसरली. फाईलबाईंना कळवावं लागेल का? स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती, पिठाचा हात तोंडावर धरून. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी.

"ऐकलंस?" ही म्हणाली.

"अख्ख्या इमारतीने ऐकलं. माझंच चुकलं गं. आणि तू काय, तुझं काय! एकदम अरेतुरेवर आली."

"ते नाही रे." हिचे डोळे भरून आले होते आणि गालाला पीठ लागलं होतं. "मला अजून तुम्हीच म्हणते."

ओरडा बसला मला आणि रडते ही. मी हिला पाणी दिलं. मग दाराशी जाऊन म्हटलं, "दगड आधी कसे होते ते मला आठवत नाही. तूच लाव परत."  आतून दगड सरकवल्याचे आवाज आले.

जेवायच्या वेळी आपण होऊन बाहेर आली. दोघांच्या मधली खुर्ची ओढली आणि बसली, चालेल का न विचारता. भाजीकडे बघून नाक मुरडलं. मग ताट माझ्यापुढे सरकवलं.

"मला मटार नाही आवडत. तू काढून दे."

काढून दिले. एकोणतीस होते.